सारखंच ताट, दोन वेगळी शरीरं: वजन नक्की कशाने वाढतं?

राजवाड्याची_लेक
सोमवार, रात्री १०.५०

परवा लोकमान्य नगरात एका मुंजीला गेलो होतो. पंगतीत वाढणाऱ्या मावशींनी जिलबीचं ताट माझ्या पानावरून तसंच पुढे नेलं आणि शेजारी बसलेल्या ह्यांच्या पानात तीन वाढल्या. "तुला नको ना गं, तू आता जरा जप," असं चारचौघांत म्हणाल्या. मायेनेच म्हणाल्या, पण घरी येईपर्यंत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

माझं वय ४६, उंची १५६ सेंमी, वजन ७८ किलो. ह्यांची उंची १७०, वजन ६५, लग्नात शिवलेला कोट अजून होतो. एकवीस वर्षं आम्ही एकाच कढईतलं खातोय. सकाळचे पोहे तेच, रविवारचे दाल-बाफले तेच. उलट ह्यांच्या पोह्यांवर शेव माझ्या दुप्पट, आणि रात्री अकराला इंदूरच्या सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, जायची हौसही ह्यांचीच. मी दोन जिने दिवसातून दहा वेळा चढते-उतरते. तरी पहिल्या बाळंतपणानंतर ९ किलो वाढलं, दुसऱ्यानंतर ६, आणि चाळिशीनंतर कधी कसं वाढत गेलं ते कळलंच नाही.

चार वेळा उतरवून झालंय. शेवटचं एका वजन-घटाव केंद्राचं तीन महिन्यांचं पॅकेज होतं, पावडर आणि उकडलेल्या भाज्या. ११ किलो उतरले, आठ महिन्यांत १३ परत आले. तिथल्या बाई म्हणाल्या, तुमची इच्छाशक्ती कमी पडते.

मी दोन मुलं वाढवली, सासूबाईंचं तीन वर्षांचं अंथरुणातलं आजारपण काढलं, माझ्यात इच्छाशक्ती नाही हे मला मान्य नाही. म्हणून इथे विचारते. वजन का वाढतं ह्याचं खरं उत्तर हवंय. आणि तुम्ही स्वतः केलेलं, निदान दोन वर्षं टिकलेलं काही असेल तर ते सांगा. महिन्यात दहा किलोवाले उपाय कृपया नकोत.

दोनदाच_जेवतो
सोमवार, रात्री ११.२०

ताई, मी ६३ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. २०१८ मध्ये डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं व्याख्यान ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू केलं. दिवसातून दोनच जेवणं, प्रत्येक ५५ मिनिटांच्या आत उरकायचं. मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा. सोबत रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. मुळात हा विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, दीक्षितांनी तो घरोघरी पोचवला. सांगणं असं की तोंडात काही पडलं की इन्शुलिन स्रवतं, आणि इन्शुलिन चढलेलं असेपर्यंत साठलेली चरबी बाहेर निघत नाही. दिवसातून आठ वेळा चरत राहिलो तर ती निघणार कधी?

माझं ८६ वरून ७५ झालं, आणि तिथेच आहे. पहिले पंधरा दिवस फार जड गेले. इंदुरात सकाळी आठला पोह्याच्या ठेल्यासमोरून नुसतं चालत जायचं म्हणजे काय, ते इंदूरवाल्यालाच कळेल. मी सकाळी अकरा आणि संध्याकाळी सात अशा वेळा धरल्यात. जे खायचं ते तेव्हाच, अगदी जिलबीसुद्धा.

तुपाची_धार
मंगळवार, सकाळी ७.०५

काका, तुम्हाला लाभलं ह्याचा आनंद आहे, पण मी हेच पाच महिने केलं आणि माझे हाल झाले. दुपारी चारला डोकं ठणकायचं, आणि संध्याकाळच्या जेवणाला मी अशी बसायची की पोट भरल्यावरही हात थांबायचा नाही. पित्ताचा त्रास वेगळाच.

मग मी ऋजुता दिवेकरांच्या पद्धतीने गेले. उठल्यावर केळं किंवा भिजवलेले बदाम, दर दोन-तीन तासांनी थोडं, आपल्या मातीतलं, आजी करायची तसं. वरण-भातावर तूप. दीड वर्षात ६ किलो गेले, म्हणजे अगदी मुंगीच्या पावलांनी, पण तीन वर्षं परत आले नाहीत. मुख्य म्हणजे जेवताना अपराधी वाटणं गेलं.

आणि पोह्यांना उगाच बदनाम करू नका. इंदुरी पोहे खालच्या पातेल्यातल्या पाण्याच्या वाफेवर ठेवलेले असतात, तेल नावाला. तळणीतून येते ती वरची मूठभर शेव, आणि पाकातून येते ती शेजारची जिलबी. शेव १०० ग्रॅम घेतली तर साडेपाचशेच्या आसपास कॅलरी होतात. मी बशीवर चमचाभर शेव, भरपूर कांदा, लिंबू, जीरावन मसाला आणि मूठभर मोड आलेले मूग घेते. जिलबी रविवारी.

सडेतोड_माळवी
मंगळवार, सकाळी ९.४०

सगळं ठीक आहे, पण मूळ गोष्ट कोणी बोलत नाहीये. जेवढं खर्च होतं त्याहून जास्त पोटात जातं म्हणून वजन वाढतं. कमी खा, जास्त चाला. आमचे आजोबा रामबागेतून राजवाड्याला रोज पायी जायचे, त्यांना कुठलं डाएट माहीत होतं?

डॉक्टर_माळव्यातला
मंगळवार, रात्री ११.३५

इंदुरात बावीस वर्षं फिजिशियन म्हणून काम करतोय. ताईंचा प्रश्न वाचून दवाखाना बंद केल्यावर लिहायला बसलोय, थोडं लांबेल.

सडेतोड, तुमचं वाक्य खोटं नाही, पण त्याने उत्तर मिळत नाही. टाकी का वाहते, तर आत जास्त येतंय म्हणून, हे बरोबरच. पण नळ कोण उघडतंय? भूक ही मनाची हौस नाही. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन ह्यांच्या प्रयोगशाळेने लेप्टिन शोधून काढलं. हे संप्रेरक चरबीच्या पेशीच तयार करतात आणि मेंदूला कळवतात की साठा पुरेसा आहे. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना घ्रेलिन सापडलं, ते जठरातून भूक लागल्याचा निरोप पाठवतं. वजन उतरलं की लेप्टिन घसरतं, घ्रेलिन चढतं. आपल्याकडे नर्मदेच्या नळाला कपात लागली की बायका काय करतात? पाणी आलं रे आलं की हंडे, बादल्या, पातेली, मिळेल ते भरून ठेवतात. उपासमार झालेलं शरीर तसंच वागतं. पुन्हा कपात होईल ह्या धास्तीने ते प्रत्येक भांडं भरून घेतं.

शिवाय खर्चालाही कात्री लावतं. अमेरिकेत वजन उतरवण्याच्या एका दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या चौदा जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, ते निष्कर्ष २०१६ मध्ये आले. बहुतेकांचं वजन बरंचसं परत आलं होतं, तरी त्यांचं शरीर विश्रांतीत अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ताई, तुमचे ११ जाऊन १३ का आले त्याचं हे एक मोठं कारण. त्या केंद्रातल्या बाईंनी तुम्हाला जे ऐकवलं ते अज्ञानातून होतं, ते मनातून काढून टाका.

आनुवंशिकता आहेच. एफटीओ नावाच्या जनुकाचा लठ्ठपणाशी संबंध २००७ मध्ये स्पष्ट झाला. त्याचं जोखमीचं रूप आई-वडील दोघांकडून आलं तर वजन सरासरी तीन किलोने जास्त भरतं. अशी जनुकं शेकडो आहेत, एकेकीचा वाटा थोडा. थायरॉइड मंदावलं तर वजन वाढतं, पण त्याच्या माथी वीस किलो मारता येत नाहीत, बहुधा मोजकेच किलो आणि त्यातलंही बरंच पाणी असतं. पीसीओएस (बायकांच्या बीजकोशांचा विकार), रजोनिवृत्तीच्या आसपासचे बदल, अपुरी झोप, स्टिरॉइड, मनोविकारावरची काही औषधं, खुद्द इन्शुलिन आणि मधुमेहाच्या काही गोळ्या, ह्या सगळ्यांनी वजन वाढतं. म्हणून कोणतं डाएट करू हे विचारायच्या आधी कोणत्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरांना दाखवा.

आणि अन्न बदललंय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल ह्यांनी वीस जणांना चार आठवडे ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकिटबंद अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. दोन्ही ताटांत कॅलरी, साखर, स्निग्ध, तंतू सारखेच ठेवलेले, हवं तेवढं खायची मुभा. पाकिटबंद अन्नावर लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेले आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढले. साध्या अन्नावर तेवढेच उतरले. २०१९ चा हा प्रयोग आहे. माणसं तीच होती, इच्छाशक्तीही तीच होती.

आता एक विनंती. तुमच्या यजमानांची कंबर मोजा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन ह्यांनी २००४ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच शेजारी-शेजारी उभे असलेले फोटो छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी सारखा. पण युडकिनांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपण भारतीय बारीक दिसूनही आतून चरबीचे असू शकतो, आणि ती पोटात, यकृताभोवती बसते. पुण्यात बाळांचा अभ्यास झाला त्यातही हेच दिसलं. आपली बाळं जन्मतःच हलकी असतात, स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकलेली. म्हणूनच जगभर लठ्ठपणा बीएमआय ३० पासून धरतात, आपल्याकडे २५ पासून. पुरुषाची कंबर ९० सेंमीच्या वर आणि बाईची ८० च्या वर गेली की काटा काहीही दाखवो, तपासणी करायची.

निशाचर_विजयनगर
बुधवार, पहाटे ४.१०

डॉक्टर साहेब, झोपेचं जरा सांगा ना. मी २७ वर्षांचा, परदेशी क्लायंटसाठी रात्रपाळी करतो. तीन वर्षांत ७६ चा ९४ झालो. रात्री दोनला भूक लागते, तेव्हा ऑफिसात चिप्स, नाहीतर अ‍ॅपवरून मागवलेलं काहीतरी. सुट्टीच्या रात्री दोस्तांसोबत सराफा, थंडीत तळलेला गराडू कंद, वर शिकंजी. सकाळी सातला झोपतो, दुपारी बाराला आई उठवते. जिम लावली, रोज एक तास ट्रेडमिल, महिनाभरात काटा हलला नाही. आता घरातले बोलतात म्हणून त्यांच्यासोबत जेवायलाच बसत नाही.

डॉक्टर_माळव्यातला
बुधवार, रात्री १०.१५

दादा, आधी घरच्यांसोबत जेवायला बसा, ते सगळ्यात महत्त्वाचं.

पाच तासांच्या झोपेने घ्रेलिन वाढतं, लेप्टिन उतरतं, आणि ओढ नेमकी गोड-तळलेल्याची लागते. एक तास जोरात चालून तीनशे-साडेतीनशे कॅलरी जातात, तेवढ्या एका कचोरीत आणि वरच्या गोड चहात परत येतात. म्हणजे व्यायाम वाया जातो असं नाही. साखर, रक्तदाब, मन, झोप सगळ्याला तो हवाच, आणि उतरलेलं वजन टिकवायला तर फारच. पण वजन मुख्यतः स्वयंपाकघरात उतरतं. खोलीला जाड पडदे लावा, सात तास झोपा, रात्री एकला घरचा डबा खा. घोरत असाल, उठल्यावर डोकं जड असेल, तर झोपेतल्या श्वासाची तपासणी करून घ्या.

डब्याचा_हिशेब
बुधवार, रात्री ११.००

मी लोकांना डबे करून देते, म्हणून माझं लक्ष तेलाकडे जातं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत, म्हणजे २०२५ मध्ये, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये घरातलं तेल दहा टक्के कमी करा असं सांगितलं. तेव्हा घरच्या डब्यावर मी तारीख लिहिली. आम्ही चौघं, पाच लिटरचा डबा २४ दिवसांत संपला. पाच लिटर म्हणजे साधारण साडेचार किलो तेल, म्हणजे माणशी रोज ४७ ग्रॅम. एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे सव्वाचारशे कॅलरी नुसत्या फोडणीतून आणि तळणातून, आणि पोट भरल्याची जाणीव त्यातून जवळजवळ शून्य.

मी कोणालाही न सांगता पळी बदलून चमचा आणला. पुऱ्या, भजी महिन्यातून दोनदा. बाफले तुपात बुडवायचे ते वरून चमचाभर सोडायला लागले, त्यावर मात्र पहिल्या रविवारी घरात बोलणं झालं. आता डबा ४० दिवस पुरतो, म्हणजे माणशी २८ ग्रॅम. माझं वर्षात ५ किलो कमी झालं, वेगळं काहीच केलं नाही. बहिणींनो, डब्यावर तारीख लिहून बघा, बाकी काही केलं नाहीत तरी चालेल.

दोनदाच_जेवतो
गुरुवार, सकाळी ६.३०

तेलाचं पटलं. पण तुपाची_धार ताई, दर दोन तासांनी खाणं हे शास्त्राला धरून आहे का? डॉक्टरांनी निवाडा करावा.

डॉक्टर_माळव्यातला
गुरुवार, रात्री ९.५०

निवाडा असा करता येत नाही, काका. २०१८ मध्ये स्टॅनफर्डला ६०९ जणांवर वर्षभर अभ्यास झाला. अर्ध्यांना कमी स्निग्ध, अर्ध्यांना कमी पिष्ट. एका गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६. फरक म्हणावा असा नाही. पण प्रत्येक गटात कोणाचं पंचवीस किलो उतरलं तर कोणाचं चक्क वाढलं. चीनमध्ये १३९ जणांवर वर्षभर पाहिलं. आठ तासांच्या आतच जेवणारे आणि दिवसभरात तेवढ्याच मोजून-मापून कॅलरी घेणारे, ह्यांच्यातही दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. तुमची पद्धत तुम्हाला लाभली, कारण मधलं चरणं बंद झालं आणि नियम सोपा आहे. ताईंना त्यांची लाभली, कारण भुकेचा भडका उडत नाही आणि घरचं अन्न पोटात जातं. दोघांच्या ताटातून जे गेलं ते बघा, एकच आहे. पाकिटं, गोड पेयं, रात्रीचं अवांतर खाणं.

फक्त एक धोक्याची सूचना. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असलेल्यांनी डॉक्टरांना न विचारता दोन जेवणांवर जाऊ नये, साखर एकदम खाली जाते. माझ्याकडे असे रुग्ण बेशुद्धावस्थेत आले आहेत.

आठवड्याची_सुई
शुक्रवार, दुपारी ३.१५

लिहू की नको असं तीन दिवस चाललं होतं. मी ५१ वर्षांची, दहा वर्षं मधुमेह, १०४ किलो. वर काका आणि ताई दोघांनी लिहिलेलं सगळं करून झालं होतं. गेल्या वर्षी मार्चमध्ये टिर्झेपटाइड, भूक कमी करणारं आठवड्याचं इंजेक्शन, भारतात आलं, माझ्या डॉक्टरांनी जूनमध्ये सुरू केलं. आठ महिन्यांत १०४ चे ८९ झाले. पहिले दोन महिने मळमळ, बद्धकोष्ठ, आणि खर्च तर दर महिन्याला छातीत धडकी भरवतो.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. दुसऱ्या सुईनंतर एक दिवस दुपारी मी ओट्यापाशी उभी होते, डब्यात चकल्या होत्या आणि मला त्यांची आठवणच झाली नाही. चाळीस वर्षं डोक्यात सतत चाललेलं 'आता काय खाऊ' एकदम गप्प झालं. मी खुर्चीवर बसून रडले. बारीक माणसांना रोज असंच वाटत असतं का? तसं असेल तर मला आयुष्यभर हावरट म्हणणाऱ्यांना माझ्यासारखी भूक कधी लागलीच नव्हती. नणंद म्हणते, तू शॉर्टकट मारलास. रक्तदाबाच्या गोळीला असं कोणी म्हणतं का?

डॉक्टर_माळव्यातला
शुक्रवार, रात्री १०.४०

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. बाकीच्यांसाठी आकडे देतो. त्याच जातीच्या सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. टिर्झेपटाइडचं मोठ्या मात्रेत त्याहून जास्त. पण सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोन-तृतीयांश परत आलं. म्हणजे हा महिन्याभराचा कोर्स नाही, मधुमेहासारखा दीर्घ उपचार आहे, आणि खर्चाचा विचार त्या हिशेबाने करावा. चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून डाळ, दही, अंडी, पनीर वाढवा आणि वजनं उचला. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेली असेल, घरात थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. ओळखीच्या दुकानातून परस्पर आणून तर अजिबात टोचू नका.

ग्वाल्हेरहून
शनिवार, सकाळी ११.२५

मी शस्त्रक्रिया केली, २०१९ मध्ये, स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करण्याची. ११८ चे ७९ झाले, आता ८४ वर स्थिर. जीवनसत्त्वं, बी१२, लोह जन्मभर घ्यावं लागतं आणि घासभर जास्त झालं तर उलटी. पण गुडघे वाचले. कोणाला विचारायचं असेल तर इथेच विचारा.

सडेतोड_माळवी
शनिवार, रात्री ८.००

सगळं वाचलं. माझी धाकटी बहीण ९० किलोची आहे. मी दर राखीला तिला हेच ऐकवत आलोय, कमी खा, जास्त चाल. दोन वर्षं झाली, ती राखी पोस्टाने पाठवते. आज फोन केला तिला. बाकी काही लिहायचं नाही.

राजवाड्याची_लेक
तीन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ८.३०

उशिरा लिहितेय, कारण मधल्या काळात घरात बरंच झालं.

डॉक्टरांनी सांगितलं तसं दोघांच्या तपासण्या केल्या. माझं टीएसएच, म्हणजे थायरॉइडची तपासणी, व्यवस्थित. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.८, म्हणजे काठावर. कंबर ९६. रक्तदाब ठीक.

ह्यांची कंबर ९४ निघाली. शर्ट बाहेर सोडून चालतात, मला कधी दिसलीच नाही. एचबीए१सी ७.१, म्हणजे मधुमेहच. दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा केलं, ७.०. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २६०, सोनोग्राफीत यकृतावर चरबी. एकवीस वर्षांत ह्यांना कोणी कधी एक शब्द बोललं नाही, प्रत्येक लग्नात आग्रह करकरून वाढलं, मीही त्यातलीच. रिपोर्ट हातात घेऊन हे बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मला वाटायचं, मला काही होत नाही." माझ्या पोटात गोळा आला. मुंजीतल्या अपमानाचं काहीच उरलं नाही त्या क्षणी.

आता तेलाच्या डब्यावर तारीख आहे. रात्रीचं जेवण साडेसातला. सराफा महिन्यातून एकदा, तेही दोघांत एकच प्लेट. सकाळी पिपल्यापाळ्याच्या बागेत चालायला जातो, हे पुढे निघून जायचे ते आता माझ्या चालीने चालतात. मी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठते-बसते, पंधरापर्यंत आणायचंय. माझं दीड किलो उतरलंय, पण मी रोज काटा बघत नाही, रविवारी फक्त फीत धरते, आधी ह्यांच्या कंबरेला आणि मग माझ्या.

डब्याचा_हिशेब ताई, एक मदत हवी. रात्री आम्हा दोघांना एकाच तव्यावरचं चालेल, पोट भरेल आणि साखर चढणार नाही असं काही सांगा. ज्वारीला हे नाक मुरडतात.

डब्याचा_हिशेब
रविवार, सकाळी ९.१०

सालाची मुगाची डाळ चार तास भिजवून, आलं-मिरची घालून वाटा. त्यात एक गिलकी (घोसाळं) किसून पिळून घाला, मूठभर कोथिंबीर, ओवा. बिडाच्या तव्याला अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवा आणि जाडसर धिरडी घाला, झाकण ठेवून. माणशी दोन पुरतात, सोबत वाटीभर दही आणि काकडीची कोशिंबीर. पीठ खूप पातळ करू नका, चिकटतं. पहिलं धिरडं दादांना वाढा, आणि वर थोडं जीरावन भुरभुरा, म्हणजे शेवेची आठवण येणार नाही.